गैरमुलकीचा मुलकी कसा होतो ?

दरवर्षीं जून महिना उजाडला कीं आपल्या नांदेड-लातूर भागांतील रेल्वेच्या फलाटांवर आणि बसस्थानकांवर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. एखादी मुलगी अंथरुणाची वळकटी, कपड्यांची पेटी आणि आईनें बांधून दिलेला धपाट्यांचा डबा जवळ ठेवून उभी असते. वडील गाडीची वेळ पुन्हा पुन्हा विचारीत असतात. आई पोंचल्याबरोबर कळवावयास चौथ्यांदा बजावीत असते. गाडी सुटते, हात हलतात, आणि मागें राहिलेल्यांच्या मनांत एकच प्रश्न उरतो : "तिथं आपलं कोण आहे ?" जावयाचें ठिकाण पुणें असो, हैदराबाद असो, दुबई असो कीं अमेरिकेंतील एखादें शहर असो, हा प्रश्न बदलत नाहीं. नीट पाहिलें तर त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. परमुलखांत आपल्याला माणूस कोण भेटेल, हा एक. आणि आपल्या हाताला काम कोण देईल, हा दुसरा. या दोहोंचीं उत्तरें पूर्वीच्या माणसांनीं कशीं शोधलीं, हें मुख्यतः आपल्याच भागाच्या इतिहासावरून समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एका जुन्या शब्दाची ओळख करून घेऊं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. नांदेड हें तेव्हांही जिल्ह्याचें ठाणें होतें. लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. त्या संस्थानांत माणसांचे दोन वर्ग मानीत : मुलकी आणि गैरमुलकी. मुलकी म्हणजे या मुलखाचा. गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला. सरकारी नोकरी सामान्यतः मुलकीलाच मिळावी असा दंडक होता, आणि मुलकी कोणास म्हणावें हें १९१९ सालच्या नियमांनीं ठरवून दिलें होतें. बाहेरच्या मनुष्याला वास्तव्याच्या जोरावर मुलकी व्हावयाचें असेल, तर त्यानें संस्थानांत निदान १५ वर्षें कायमचें राहिलें पाहिजे, आणि पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असें प्रतिज्ञापत्र केलें पाहिजे, अशी अट होती.

ही अट वाचून विचारी वाचकाला दोन गोष्टी खटकल्यावांचून राहणार नाहींत. एखादा मनुष्य १५ वर्षें एका गल्लींत राहूनही शेजाऱ्याला अनोळखीच राहतो. दुसरा १५ महिन्यांत घरचा होऊन जातो. शिवाय, जुनें गांव मनांतून पुसून टाकल्यावांचून नव्या गांवाचें होतां येत नाहीं, हें म्हणणेंही खरें नाहीं. कायद्याला वर्षें मोजतां येतात. आपलेपणा मोजण्याचें माप त्याच्यापाशीं नसतें. तें माप लोकांपाशीं असतें. लोक तीन गोष्टी पाहतात : हा आमच्या पंगतीला बसतो काय, आमची भाषा बोलूं लागला आहे काय, आणि आमच्या उपयोगीं पडेल असें कांहीं काम याच्या हातीं आहे काय. या तिन्ही कसोट्यांना जो उतरला, त्याला लोक आपला म्हणूं लागतात. मग त्याच्या खिशांत प्रतिज्ञापत्र असो वा नसो.

याचें ठळक उदाहरण पाहावयास नांदेडकरांना गांवाबाहेर जावें लागत नाहीं. १७०८ सालीं शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग गोदावरीच्या कांठीं नांदेड येथें आले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत येथेंच त्यांचा देहान्त झाला. त्यांच्यामागें त्या स्थानाच्या सेवेसाठीं कांहीं मंडळी राहिली. कोठें पंजाबच्या पांच नद्या आणि कोठें गोदातीर ! पुढें सुमारें सव्वाशें वर्षांनीं, १८३२ ते १८३७ या काळांत, पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनीं येथें सचखंड श्रीहजूरसाहिबाची वास्तु उभारविली. त्याच सुमारास हैदराबादचे दिवाण महाराजा चंदुलाल यांच्या विनंतीवरून शीख सैनिकांचें एक दळ निजामाच्या चाकरीसाठीं दक्षिणेंत आलें. त्याला लाहोरी फौज म्हणत. हे लोक शिपाईगिरीसाठीं आले होते. पण त्यांतील अनेकांनीं पुढें दक्षिणेंतच घरें केलीं, आणि त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात.

आतां या उदाहरणाला आपल्या तीन कसोट्या लावून पाहूं. पहिली पंगत. गुरुद्वाऱ्यांतील लंगरांत येणाऱ्याला जात, गांव अथवा ऐपत कोणी विचारीत नाहीं. सर्वांनीं एका ओळींत बसावें आणि पुढें येईल तें अन्न घ्यावें, असा तेथील परिपाठ आहे. दूरदेशीं आलेल्याला पहिल्या दिवशीं नोकरीपेक्षां ताट महत्त्वाचें वाटतें, आणि पोट भरल्यावर ध्यानांत येतें कीं ताटापेक्षांही शेजारीं बसलेला मनुष्य महत्त्वाचा होता. दुसरें काम. पहिल्या पिढीपाशीं शिपाईगिरीची विद्या होती आणि या मुलखाला तिची गरज होती. पुढच्या पिढ्या शेती, व्यापार, वाहतूक इत्यादि व्यवसायांत शिरल्या. तिसरी भाषा. घरांत दखनी बोली रुजली, बाजारांत मराठी आली, आणि धर्मग्रंथाची गुरुमुखी लिपीही सुटली नाहीं. म्हणजे नवें घेतलें आणि जुनें राखलें. परत जाण्याचा विचार सोडल्याचें प्रतिज्ञापत्र मागणाऱ्या कायद्याला हें उत्तर पुरेसें आहे.

एवढा मोठा समाज पाठीशीं नसला, मनुष्य एकटाच आला, तर काय होतें ? याचेंही उत्तर आपल्याच भागांत सांपडतें. विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें १९०३ सालीं जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर नांवाचे एक तरुण कांहीं काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं काम करून १९२९ च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत आले. खेडें निजामाच्या हद्दींत. खेडगीकर ब्रिटिश हद्दींतले. म्हणजे शब्दशः गैरमुलकी. त्यांनीं तेथील राष्ट्रीय शाळेंत मुलांना शिकविण्याचें काम पत्करलें, आणि पुढें अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांतही तेंच केलें. संन्यास घेतल्यावर त्यांचें नांव स्वामी रामानंद तीर्थ असें झालें, आणि हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचें पुढारीपण याच गैरमुलकी शिक्षकाकडे आलें. १९९४ सालीं नांदेड येथें विद्यापीठ स्थापन झालें, त्याला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परक्या गांवांत शिरण्याचा राजमार्ग त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो : गांवाला ज्याची उणीव आहे असें काम शोधावें, तें लहान म्हणून टाकूं नये, आणि तें मनापासून करावें. मग गांव तुमचें मूळ ठिकाण विचारावयाचें विसरून जातें.

इथवर आपण आलेल्यांची गोष्ट पाहिली. आतां गेलेल्यांची पाहूं. कारण ज्या घरांत पाहुणा येतो त्या घरांतूनच कोणी तरी पाहुणा म्हणून बाहेर पडत असतो. १९५८ सालीं औरंगाबाद येथें मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ निघण्यापूर्वीं उच्च शिक्षणासाठीं येथील तरुणांना बहुधा हैदराबादची अथवा पुण्याची वाट धरावी लागे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत, म्हणजे १९१८ सालीं तें निघाल्यापासून संस्थानाच्या अखेरपर्यंत, शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. घरीं मराठी, वर्गांत उर्दू, बाजारांत तेलुगु, अशी तिहेरी कसरत या मुलांना करावी लागे. त्यांना आधार देण्यास त्या शहरांत आधींच स्थिरावलेली मराठी मंडळी होती. १९०७ सालीं सुरू झालेली विवेकवर्धिनी ही शाळा आणि मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्था अशाच मंडळींच्या श्रमांचें फळ होत. भाषेविषयीं आपल्याकडे म्हण आहे कीं बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, पण न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहींत. परमुलखांत ही म्हण पदोपदीं पटते. हुशार पण मुका राहणारा मुलगा मागें पडतो, आणि चुकतमाकत का होईना, तेथील भाषेंत दोन शब्द बोलणाऱ्याला दुकानदार तिसरा शब्द आपण होऊन शिकवितो.

समुद्रापलीकडे गेलेल्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत प्रत्येक मुलीनें आणि मुलानेंही जाणून घेण्यासारखी आहे. त्यांचे पति गोपाळराव यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलें होतें, आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आला. न्यू जर्सी प्रांतांतील रोसेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो त्यांच्या वाचनांत आला. ओळख ना देख. तरी त्यांनीं आनंदीबाईंना पत्र लिहिलें. पत्रामागून पत्रें गेलीं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हां "तिथं आपलं कोण आहे ?" या प्रश्नाचें उत्तर तयार होतें. वयाच्या अठराव्या वर्षीं त्या पोंचल्या त्या थेट मावशीच्या घरीं.

या हकीकतींत दोन बोध आहेत. पहिला असा कीं परदेशांतील मैत्रीची सुरुवात परदेशीं पाऊल टाकण्यापूर्वीं होऊं शकते. त्या काळीं पत्र पोंचावयास आठवडे लागत. आज तें क्षणांत पोंचतें. पण लिहिणाऱ्याचा सच्चेपणा तेव्हां जेवढा लागे तेवढाच आजही लागतो. दुसरा बोध थोडा कठोर आहे. स्नेहानें एकटेपणा जातो, थंडी जात नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली. परंतु प्रकृति ढासळली होती, आणि स्वदेशीं परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांना बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. म्हणून परदेशीं जाणाऱ्यानें हवा, अन्न, अंथरूण-पांघरूण आणि औषधपाणी या गोष्टी अभ्यासाइतक्याच गंभीरपणें घ्याव्या. आनंदीबाईंची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली. अमेरिकेंत आनंदीबाई साडेतीन वर्षेंही राहिल्या नव्हत्या, आणि मायदेश तर त्यांनीं कधींच सोडला नव्हता. तरी त्या तेथल्या एका घरच्या झाल्या. यापुढें १५ वर्षांची अट काय सांगावी ?

प्रत्येकाला अशी मावशी मिळेलच असें नाहीं. म्हणून शहाण्या माणसांनीं मावशीचें काम संस्थांकडे सोंपविलें. लंडन येथें १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे; उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. मॉरिशस बेटावर १८३४ पासून उंसाच्या मळ्यांत काम करण्यास जे हिंदी मजूर गेले, त्यांत मराठी माणसेंही होतीं. आज त्यांचे वंशज घरीं बहुधा तेथील क्रिओल बोली बोलतात, तरी गणेशोत्सव साजरा करतात आणि त्यांचीं मुलें शाळेंत मराठी शिकतात. १९४८ नंतर कोंकणांतून व मुंबईहून इस्रायलांत गेलेल्या बेने इस्रायल समाजांतील मंडळींनीं तेथें मायबोली नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. अशा मंडळांत नवख्याला खोली कोठें मिळेल, कोणता दवाखाना बरा, कोणत्या कागदावर सही करूं नये, हें आपल्या भाषेंत कळतें. ही मदत अमोल आहे.

मात्र मंडळ हें धर्मशाळेसारखें आहे. प्रवाशानें तेथें विसावा घ्यावा, मुक्काम ठोकूं नये. जो नवखा केवळ आपल्याच माणसांत बसतो, आपलेंच बोलतो आणि आपलेंच खातो, तो देह बदलत्या गांवीं नेतो पण मन जुन्या ओसरीवरच ठेवतो. त्याला मित्र मिळतात, पण नवें गांव मिळत नाहीं. आणि कामाची वार्ता बहुधा नव्या गांवाकडून येते. एका खोलींत राहणाऱ्या चौघांना एकच बातमी ठाऊक असते. पांचव्या, लांबच्या ओळखीच्या माणसाला मात्र वेगळी बातमी ठाऊक असते. म्हणून वाचनालय, खेळाचें मैदान, शेजारचें दुकान, प्रार्थनेचें स्थान, अशा ठिकाणीं जाणें-येणें ठेवावें आणि थोडक्या ओळखीलाही जपावें.

कामाविषयीं पालकांनीं विशेष सावध असलें पाहिजे. परदेशांतील नोकरीचें आमिष दाखवून पैसे उकळणारे लोक खेडोपाडीं फिरतात, आणि ते बहुधा ओळखीच्या माणसाला पुढें करून घरांत शिरतात. १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्याप्रमाणें परदेशीं कामगार पाठविणाऱ्या दलालानें सरकारांत नोंदणी केलेली असली पाहिजे. त्याचा नोंदणीक्रमांक मागावा आणि तो खरा आहे कीं नाहीं हें सरकारी कचेरींतून पडताळून पाहावें. नोकरीचा करार वाचल्यावांचून जमिनीचा तुकडा गहाण टाकूं नये. पर्यटनाच्या परवान्यावर जा, नोकरीचें पुढें पाहूं, असें सांगणाऱ्याला दारांतूनच निरोप द्यावा. विद्यार्थ्यांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जे दहावी उत्तीर्ण नाहींत त्यांना आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारची खास परवानगी घ्यावी लागते. दहावी झालेल्यांना ती लागत नाहीं. सरकार असें धरून चालतें कीं दहावी शिकलेला मनुष्य करार वाचूं शकतो. तें गृहीत खरें करणें तुमच्या हातीं आहे.

परगांवीं गेलेल्यांनीं घरीं खरें कळवावें, आणि घरच्यांनीं खरें ऐकण्याची तयारी ठेवावी. पहिले कांहीं महिने बहुतेकांना जड जातात. जेवण रुचत नाहीं, बोलणें समजत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं. "मी मजेंत आहें" एवढेंच कळविणारा मुलगा पुष्कळदां मजेंत नसतो. आई-बापांना काळजी नको म्हणून तो आपलें दुःख गिळतो. "एवढा खर्च केला आहे, आतां परत येऊं नकोस" असें आपण रागाच्या भरांत बोललों, तर त्या मुलाच्या परतीची वाट आपणच बंद करतों. दार उघडें आहे हें ज्याला ठाऊक असतें, तोच बाहेर निर्भयपणें उभा राहतो.

शेवटीं, जे कोठेंही जाणार नाहींत त्यांच्याविषयीं. लातूर हें आज स्वतःच नवख्यांचें गांव झालें आहे. दहावी-बारावीच्या व वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासासाठीं बाहेरच्या जिल्ह्यांतून असंख्य मुलें तेथें येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि खानावळींत जेवतात. नांदेडलाही अशीं मुलें थोडीं नाहींत. त्यांच्यांतील एखादा तुमच्याच बांकावर बसत असेल. त्याची बोली थोडी निराळी असेल. कोणी तिची नक्कल करून हंसतही असेल. तो मधल्या सुटींत एकटा डबा उघडतो कीं नाहीं, हें तुम्हीं कधीं पाहिलें आहे काय ? आपल्या तीन कसोट्या जशा पाहुण्यासाठीं आहेत तशाच यजमानासाठींही आहेत. आपण त्याला पंगतीला बोलाविलें काय, त्याचें बोलणें धीरानें ऐकलें काय, आणि आपल्या खेळांत, आपल्या कामांत त्याला जागा दिली काय ?

विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयास १५ वर्षें लागत नाहींत. उद्यां मधल्या सुटींत आपला डबा घेऊन त्या मुलाच्या शेजारीं जाऊन बसा. कदाचित् आणखी चार वर्षांनीं तुम्ही स्वतः एखाद्या अनोळखी शहरांत डबा उघडून बसलेले असाल, आणि फलाटावरून परतलेली तुमची आई मनांत तोच प्रश्न विचारीत असेल. त्या शहरांतही कोणी तरी असाच उठून तुमच्या शेजारीं येऊन बसावा, अशी आशा धरण्याचा हक्क तुम्हांला आजच्या या लहानशा कृतीनें मिळेल.